सुडोबा

सुडोबा हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यातलं नाव रेशनकार्डावर आहे आणि तिथंच राहिलंय. परभणीत वसमत रोडपासून नानलपेठेपर्यंत कॉम्प्युटर शिकणाऱ्या कुठल्याही पोराला त्या नावानं विचारा, पोरगं नुसतं बघत राहील. ‘सुडोबा’ म्हणा, लगेच मोबाईल नंबर मिळेल, वर ‘आत्ता नका लावू, जेवायला बसले असतील’ अशी माहितीही मिळेल. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काही महत्त्वाचं बसवायचं किंवा काढायचं असेल तर आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लिहावं लागतं. हुकूम मालकाच्या अधिकारानं सुटलाय हे मशीनला त्यावरून कळतं. आमचा गृहस्थ तो शब्द टंकण्याआधी मोठ्यांदा उच्चारतो. पोरांनी त्याला ‘बा’ जोडला आणि तो खंडोबा-विठोबाच्या रांगेत जाऊन बसला. त्याला राग नाही. “सुडो १९८० च्या सुमाराला अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात लिहिला,” तो सांगतो. “म्हणजे वयानं मह्यापेक्षा थोरला. थोरल्याचं नाव लागलं तर वाईट काय?”

नोकरीनं तो एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या मोजायच्या, फुटलेल्यांची नोंद करायची, आम्लाच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या. पगार तिथला. जीव मात्र लोकांच्या लॅपटॉपमध्ये. संध्याकाळी साडेपाचनंतर तो बियाण्याच्या कंपनीनं फुकट वाटलेली पिशवी खांद्याला लावून निघतो. पिशवीत सुतळीत ओवलेले सहा-सात पेनड्राईव्ह, प्रत्येकाला औषधाच्या बाटलीवरची चिकटपट्टी, तिच्यावर बारीक अक्षरात ‘डेबियन’, ‘मिंट’, ‘जुनं मशीन ३२ बिट’. एक लांबलचक लॅन केबल. एक यूएसबी वायफाय डोंगल, कारण लॅपटॉपचं स्वतःचं वायफाय लिनक्सला पहिल्याच दिवशी ओळख देईल याची खात्री नसते, आणि ओळख पटवणारा ड्रायव्हर उतरवायलाच नेट लागतं. स्क्रू ड्रायव्हर. आणि रुमालात गुंडाळलेली एक सीडी, जी आता कुठल्याच लॅपटॉपमध्ये जात नाही.

ती सीडी म्हणजे त्याच्या आयुष्याची सुरुवात. उबुंटू हे लिनक्सचंच एक रूप २००४ साली निघालं, आणि त्या काळी जगात कुठूनही मागणी नोंदवली की कंपनी टपालखर्चासकट फुकट सीडी पाठवायची. २०११ पर्यंत ही चैन चालली. सुडोबा तेव्हा कॉलेजात होता. त्यानं दहा मागवल्या आणि त्या खरोखर आल्या. पोस्टमननं पाकिटावरची परदेशी तिकिटं बघून वडिलांना बाजूला घेतलं, “पोराचं बाहेर काही चाललंय का?” वडिलांना वाटलं नोकरीचा कागद असावा, त्यांनी आधी पेढे आणले, पाकीट मग फोडलं. निघाल्या सीड्या. सुडोबानं त्या मित्रांत वाटल्या. एकानं मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर चिकटवली. दुसऱ्यानं जिंतूरकडच्या रानात ज्वारीवर पाखरं बसू नयेत म्हणून दोरीला बांधून टांगली. “तिथं दोन सुगी चाललं उबुंटू,” सुडोबा अभिमानानं सांगतो, “एकदाही हँग झालं नाही.”

तो काळ एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सचा होता. २००१ पासून गावोगाव केंद्रं निघाली, अख्ख्या जिल्ह्यानं माउस हातात धरला आणि कॉम्प्युटर म्हणजे विंडोज असं समीकरण पक्कं झालं. सुडोबाची त्याबद्दल तक्रार नाही. फक्त कुणी ‘लिनक्स कशाला?’ असं विचारलं की तो कृषी विद्यापीठाच्या दिशेनं हात करतो. परभणीच्या विद्यापीठानं ‘परभणी क्रांती’ नावाची भेंडी काढली, ती केवड्याच्या व्हायरसला दाद देत नव्हती म्हणून देशभर गेली. लिनक्स ही कॉम्प्युटरमधली परभणी क्रांती आहे असं तो म्हणतो. पुढं भेंडीच्या त्या वाणालाही रोग गाठू लागला, हे कुणी शेतीतला माणूस ऐकवतो. तेव्हा सुडोबा पाणी मागतो.

घरी बोलावलं तर आल्याआल्या तो लॅपटॉपकडं बघत नाही. भिंतीकडं बघतो. प्लग कुठं, इन्व्हर्टर आहे का, पंखा कुठल्या बटनावर. मे महिन्यात आमचा पारा पंचेचाळिसाला टेकतो, त्यामुळं पंखा माणसावर नाही, मशीनवर हवा. मग पहिला प्रश्न: “बॅकअप घेतलाय का?” सगळी पोरं ‘हो’ म्हणतात. सुडोबा पोराच्या डोळ्यांत थोडा वेळ बघतो, काही न बोलता स्वतःची हार्ड डिस्क लावतो आणि बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ उतरवून घेतो. इतर काही गेलं तर पोरगं रडतं. लग्नाचा व्हिडिओ गेला तर खानदान येतं.

जिंतूर रोडच्या एका घरात मी हे सगळं जवळून पाहिलंय. पोरगं बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला. लिनक्स चढलं, आता सी भाषेचा कंपायलर बसवायचा होता.

“टाक पासवर्ड.”

पोरगं टाकू लागलं. पडद्यावर काहीच उमटेना. चांदणी नाही, ठिपका नाही. आई चहा घेऊन आली ती तिथंच थबकली.

“भाऊ, कीबोर्ड बिघडला काय हो? आत्ताच तर घेतलाय.”

“नाही वहिनी, लिहायलाय तो. दिसत नाही फक्त.”

“मग कळावं कसं?”

“कळू नये म्हणूनच तर.”

पासवर्ड गेला, पण मशीननं उलट सुनावलं: हा इसम सुडोच्या यादीत नाही, या प्रकाराची नोंद वरती कळवली जाईल. खातं थोरल्या भावानं उघडून दिलं होतं आणि धाकट्याला अधिकार द्यायला तो विसरला होता. घराघरांत चालतंच ते. वडील पेपर वाचत होते. तहसीलमधून निवृत्त झालेला माणूस, ‘रिपोर्टेड’ हा शब्द कानावर पडताच उठून आले.

“रिपोर्ट? कोणाला? सायबरवाल्यांना?”

“नाही भाऊसाहेब. रूटला.”

“हा रूट बसतो कुठं?”

“ह्याच डब्यात.”

“म्हणजे तक्रार याच डब्यातली अन् ती बघणारा साहेबही याच डब्यातला?”

“हाव.”

“मग काही होत नाही,” भाऊसाहेब म्हणाले आणि पेपरकडं वळले. युनिक्स-लिनक्सची अधिकाररचना इतक्या लवकर समजलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

धाकट्याचं नाव यादीत घालून पुढं ‘बिल्ड-इसेन्शियल’ नावाचं गाठोडं मागवलं. त्यात कंपायलर असतो, मेक असतं, सी भाषेची मूळ सामग्री असते. एका हुकमात सगळं घरपोच. पोरानं ‘इसेन्शियल’चं स्पेलिंग तीन तऱ्हांनी लिहिलं आणि तिन्ही वेळा मशीन म्हणालं, असं गाठोडं सापडत नाही. चौथ्या वेळी सापडलं तर कुलूप आडवं आलं. नवं उबुंटू सुरू झालं की पडद्यामागं स्वतःची दुरुस्ती उतरवत बसतं आणि तोवर गोदामाचं कुलूप स्वतःकडं ठेवतं. बहुतेक पोरं इंटरनेटवर वाचून ती कुलपाची फाईलच उडवतात. सुडोबा उडवत नाही. तो चहाची बशी उचलतो. “आत माणूस काम करायलाय ना? मग होऊ द्या त्याचं. कुलूप तोडून आपण काय चोर आहोत का?” दहा मिनिटं गेली. कुलूप निघालं, गाठोडं उतरलं, बसायला लागलं, पट्टी अर्ध्याच्या पुढं सरकली आणि लाईट गेली. इन्व्हर्टर नुसता पंख्याला होता आणि लॅपटॉपची बॅटरी केव्हाच संपावर गेलेली.

अंधारात पोराचा चेहरा दिसत नव्हता हे बरं. सुडोबा मात्र निवांत. लाईट आल्यावर मशीननं सांगितलंच, काम मध्येच तुटलंय, अमुक हुकूम हातानं द्या. ‘डीपीकेजी, कॉन्फिगर, ए.’ हा हुकूम सुडोबा झोपेतही देतो. अर्धवट बसलेली सगळी पॅकेजं त्यानं मार्गी लागतात. हा हुकूम मुळात उबुंटूच्या थोरल्याचा, डेबियनचा. डेबियन १९९३ साली इयन मर्डॉकनं सुरू केलं, नावात अर्धं त्याच्या प्रेयसीचं, डेब्राचं, अर्धं स्वतःचं. सुडोबाचं ठाम मत आहे की मर्डॉकच्या मंडळींत कुणीतरी एक उन्हाळा मराठवाड्यात काढलेला असणार, त्याशिवाय हा हुकूम सुचणं शक्य नाही.

डेबियनच्या नावाची ही कथा ऐकून त्यानं घरच्या मशीनला बायकोचं नाव दिलं. वहिनींना आधी कौतुक वाटलं. मग एक दिवस तो शेजाऱ्याला सांगताना त्यांनी ऐकलं, “ती सकाळपासून हँग आहे, काही विचारलं तर उत्तर देत नाही, रात्री फॉरमॅट मारतो.” नाव त्याच रात्री बदललं.

आमच्याकडं दोन म्हणी जन्मापासून मिळतात. एक, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. दुसरी, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. पहिलीच्या प्रेमापोटी सुडोबानं एका जुन्या मशीनवर सुसे लिनक्स चढवलंय, कारण सुसे कंपनी १९९२ साली जर्मनीत निघाली. जर्मनी आणि परभणी एका टेबलावर यावेत एवढाच हेतू. सुसेचं चिन्ह सरडा आहे. त्या मशीनची धाव अजून लॉगिनच्या पुढं गेलेली नाही. दुसरी म्हण तो कामात वापरतो. कुठलंही सॉफ्टवेअर मूळ कोडपासून बांधायचं तर आधी ‘कॉन्फिगर’ चालवायचं. ते शेकडो ओळींत मशीनची झडती घेतं: हे आहे का, आहे, ते आहे का, नाही. मग ‘मेक’. शेवटची ओळ बिनतक्रार आली तर सुडोबा म्हणतो “बनी!”, आणि लाल अक्षरं उमटली तर खुर्चीवर मागं रेलून नुसतं म्हणतो, “परभणी.”

मेकचं नाव निघालं की त्याला चहा दुसऱ्यांदा लागतो. मेक लिहिलं स्टुअर्ट फेल्डमननं, बेल लॅब्जमध्ये, १९७६ साली. मेकफाईलमध्ये हुकमाच्या ओळीची सुरुवात टॅबनं करावी लागते. टॅबऐवजी आठ वेळा स्पेस दाबली तर डोळ्यांना तंतोतंत तेच दिसतं, पण मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबतं. कित्येक पोरांच्या कित्येक रात्री या न दिसणाऱ्या फरकात गेल्या आहेत. फेल्डमनच्या ध्यानात चूक थोड्याच आठवड्यांत आली होती. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांच्या चालू कामात खोडा नको म्हणून त्यानं ती तशीच ठेवली.

“भीड भिकेची बहीण म्हणतात ते हे,” सुडोबा बशी खाली ठेवत म्हणतो. “डझनभर लोकांची भीड मोडवली नाही गड्याला. पन्नास वर्षं झाली, मानवतचं पोरगं टॅब शोधायलंय.”

मानवतच्या पोराची गोष्ट वेगळीच आहे. त्याला आपल्या उबुंटूतला पायथॉन जुना वाटला. नवा बसवण्याआधी जुना काढावा म्हणून त्यानं तो मुळासकट काढला. उबुंटूची निम्मी अवजारं पायथॉनच्या जीवावर चालतात, त्यामुळं पायथॉनबरोबर डेस्कटॉप गेला, सेटिंग गेल्या, टर्मिनलची खिडकीही उघडेना. पोरगं सीपीयू पोत्यात घालून पॅसेंजरनं परभणीला आलं. सुडोबानं एवढंच विचारलं, “जुना होता तर तुझं काय खात होता?” आणि पेनड्राईव्हच्या सुतळीला हात घातला. पुढं २०२३ पासून डेबियननं आणि उबुंटूनंच नियम केला: यंत्रणेच्या पायथॉनमध्ये पिप या अवजारानं परस्पर काही घालता येणार नाही, स्वतःचं वेगळं एन्व्हायर्नमेंट करून घ्या. सुडोबानं त्या दिवशी कॉलेजात पेढे वाटले. कशाचे ते कुणालाच कळलं नाही.

त्याची खरी करामत फोनवर ऐकावी. पोरं शिकून पुण्याला, हिंजवडीला जातात, रात्री साडेअकराला फोन येतो, “मामा, पाथ सापडना.” टर्मिनलवरचं सगळं शब्दांत सांगायचं म्हणजे तिरक्या रेघेशी गाठ पडते. युनिक्सची रेघ एकीकडं झुकते, विंडोजची दुसरीकडं, आणि ‘डावी का उजवी’ या प्रश्नावर माणसाचा जन्म जाईल. सुडोबानं त्यावर जिल्ह्याचा नकाशा लावलाय.

“स्लॅश टाक.”

“कुठला, मामा?”

“पाथरी-वसमत.”

नकाशात बघा. परभणी मध्ये धरली तर पाथरी डाव्या हाताला जरा खाली, वसमत उजव्या हाताला जरा वर. ही युनिक्सची रेघ. उलटी हवी असेल तर सेलू-पूर्णा: सेलू वर डावीकडं, पूर्णा खाली उजवीकडं. ती रेल्वेची रेघ, म्हणजे विंडोजची. सगळं जग त्याच गाडीत बसतं असं सुडोबाचं त्यावरचं भाष्य. वसमत हिंगोली जिल्ह्यात गेलं त्याला १९९९ पासून इतकी वर्षं झाली, तरी सुडोबाच्या स्लॅशमधून ते निघालेलं नाही. हिंजवडीतल्या एका मोठ्या इमारतीत कुणीतरी तमिळ सहकाऱ्याला ‘पाथरी-वसमत’ असं बजावतो हे मी ऐकून आहे, आणि त्या सहकाऱ्याला ते कळतंही म्हणे.

एवढं सगळं बसवून हा माणूस स्वतः लिहितो काय? मी एकदा विचारलंच. सुडोबानं प्रामाणिकपणे सांगितलं: हॅलो वर्ल्ड. कंपायलर बसला की तो पाच ओळींचा प्रोग्राम टंकतो, चालवतो, पडद्यावर ‘हॅलो वर्ल्ड’ उमटलं की मशीनला शेवटचा आकडा विचारतो. शून्य आला की उठतो. युनिक्समध्ये शून्य म्हणजे पास. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे घोटाळा. (गणितात शून्य आणलेल्या एका पोराच्या बापाला ही गोष्ट सांगून त्यानं घरातलं वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला होता. झालं नाही.) सहावी ओळ त्यानं आजवर लिहिलेली नाही. विम नावाचा एडिटर तो दैवत मानतो, त्याची सेटिंगची फाईल चारेकशे ओळींची आहे, आणि विममध्ये तो मुख्यतः ती फाईल सुधारतो.

“सहावी ओळ कामून नाही?”

“ते तुमचं,” तो म्हणाला. “महं काम दार उघडून देणं.”

ऐकायला छान आहे, पण मला ते पूर्ण पटलेलं नाही. तयारीची चटक लागलेली माणसं आमच्याकडं ढिगानं आहेत. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचं टाइमटेबल चार रंगांच्या पेनांनी आखणारी, आणि महिन्यानं ते पुन्हा नव्यानं आखणारी पोरं याच जातकुळीची. सुडोबाही दर दोन-तीन महिन्यांनी स्वतःचा धडधाकट चाललेला लॅपटॉप पुसून पुन्हा चढवतो. ‘आता स्वच्छ बसवला’ म्हणताना त्याचा चेहरा बघावा. फरक एवढाच, की त्याच्या तयारीवर दुसऱ्यांची पोटं भरली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठीतले लिनक्सचे धडे त्यानं पेनड्राईव्हवरून पालम-सोनपेठपर्यंत वाटले. पैसे कधी मागितले नाहीत. कुणी दिलेच तर पेट्रोलपुरते ठेवतो.

वहिनींचं म्हणणं वेगळं. “जगाच्या डब्यात काय काय बसवतंय हे माणूस,” त्या म्हणतात, “अन् मोरीतला नळ दिवाळीपासून बसवायचाय. त्याला कोणता सुडो लावू सांगा.” सुडोबा यावर खरंच विचारात पडतो. नळाला मालकाचा अधिकार चालत नाही, प्लंबर लागतो.

मध्यंतरी त्याचे दिवस फिरले असं वाटत होतं. २०१६ पासून विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवायची सोय झाली. पोरांनी पार्टिशन पाडणं सोडलं. काही तर मोबाईलवरच टर्मिनल उघडायला लागली. सुडोबा काही दिवस गप्प होता. मग त्यानं तेही शिकून घेतलं आणि ‘विंडोजच्या घरात भाडेकरू’ म्हणत पोरांना बसवून देऊ लागला. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. नवं विंडोज न पेलणारे जुने लॅपटॉप माळ्यावरून खाली यायला लागले, आणि बियाण्याच्या पिशवीत आणखी दोन पेनड्राईव्ह वाढले.

तुम्हालाही त्याला बोलवायचं असेल तर साडेपाचनंतर बोलवा. चहात साखर कमी. मोबाईलवर दोनेक जीबी नेट शिल्लक ठेवा, चार्जर हाताशी ठेवा, इन्व्हर्टरची एक पिन लॅपटॉपला मोकळी करा. कुलूप दिसलं तर मध्ये बोलू नका. आणि बॅकअप घ्या. तो विचारेल तेव्हा ‘घेतला’ म्हणायचं म्हणून नाही, खरंच घ्या.